सिमल्याकडची पेटी

भाद्रपद सरत आला की वसईतल्या निर्मळच्या नाक्यावरच्या हातगाड्यांचा रंग बदलतो. पेरू, केळी मागे सरकतात आणि पुढे सफरचंदांचे ढीग लागतात. हल्ली सफरचंद बारा महिने मिळतं. न्यूझीलंडचं, तुर्कस्तानचं, वॉशिंग्टनचं, प्रत्येकाच्या गालावर चिकटवलेला कागद. पण या दिवसांत येतं ते आपल्याकडचं, डोंगरातलं. त्याला कागद नसतो. एखाद्या फळावर देठाशी सुकलेलं पान तसंच राहिलेलं असतं, आणि गाडीजवळून जाताना वास येतो. फ्रीजमधल्या सफरचंदाला तो येत नाही.

तो वास आला की मी सायकलवरून उतरतो, दोन पावलं थांबतो, पुन्हा सायकलवर बसतो. विकत घेत नाही. गाडीवाला आता ओळखतो. तो मला हाक मारत नाही.

माझ्या वडिलांची केळीची वाडी होती. इनास त्यांचं नाव. आम्ही बाबा म्हणायचो. चौथीपर्यंत शिकलेले, छापील अक्षर बोटाखाली धरून सावकाश वाचायचे, हातचं लिहिलेलं मात्र त्यांना लागायचं नाही. पण केळीच्या बाबतीत त्यांना विचारावं. राजेळी, मुठेळी, तांबडी, वेलची, बसराई, भुरकेळ, सगळ्या जाती त्यांनी वाडीत ठेवल्या होत्या. शेजारचे लोक जास्त चालणारी बसराई लावून मोकळे झाले तेव्हाही बाबांनी बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठाला तांबडीची पाच झाडं राखली. कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, ही माझ्या आजानं आगाशीहून डोक्यावरून आणली होती. केळीला बी नसतं. तिचं पोर तिच्याच बुडाशी वाढतं. कुणीतरी ते उपटून, ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन गेल्याशिवाय केळ दुसऱ्या गावाला जात नाही. म्हणून कुठली जात कुठून आली, कुणी आणली, हे त्यांना जवळच्या नातेवाइकांच्या गोष्टींसारखं पाठ असायचं. बसराई बसऱ्याहून आली असं ते ठासून सांगायचे. खरंखोटं मला माहीत नाही.

फिलोमिना माझी थोरली बहीण. तिला मी बाय म्हणायचो. नर्सिंग करून ती सिमल्याच्या पुढे डोंगरातल्या एका लहानशा दवाखान्यात नोकरीला गेली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या गावातल्या मुली तेव्हा मुंबईच्या हॉस्पिटलांपर्यंत जात, इतक्या लांब कुणी जात नसे. बाबांनी अडवलं नाही. पहिल्याच वर्षी सप्टेंबरात तिनं रेल्वेनं सफरचंदांची पेटी पाठवली. बाबांनी आणि मी वसई रोडच्या पार्सल ऑफिसातून ती सायकलच्या कॅरिअरला बांधून आणली. फळ्या उचकटल्या तशी आतून पिवळी, सुईसारखी वाळकी पानं निघाली आणि त्यांत हिंदी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एकेक फळ.

सोबत पत्र होतं. मी मोठ्यानं वाचायचो आणि सगळे ऐकायचे. बायनं जातींची नावं लिहिली होती. गडद लाल, बुडाला पाच उंचवटे असलेलं ते रॉयल. पिवळं ते गोल्डन. काश्मीरचं अंबरी ते वेगळं, त्याचा वास घरभर पसरतो, पण ते इथे होत नाही, बाजारात एकदा बघितलं. इंग्रज साहेबांनी पूर्वी आंबट जाती लावल्या होत्या त्या लोकांना आवडल्या नाहीत. मग एकानं अमेरिकेहून गोड जातीची कलमं आणली आणि डोंगरच्या डोंगर सफरचंदांचे झाले. सफरचंदाचं बी लावलं तर त्याच जातीचं झाड येत नाही, कलमच बांधावं लागतं. पुढे लिहिलं होतं की इथले एक बागवान सांगतात, या लाल सफरचंदाचं मूळ रोप अमेरिकेत एका शेतकऱ्याच्या बागेत आपोआप उगवलं. त्यानं ते तण म्हणून कापलं. पुन्हा फुटलं, पुन्हा कापलं. तिसऱ्यांदा फुटलं तेव्हा त्यानं हात आवरला.

बाबांनी तो मजकूर मला तीनदा वाचायला लावला. मग लाल सफरचंदाची चकती हातात धरून बराच वेळ बघत बसले. आय चुलीपाशी होती. तिनं एवढंच विचारलं, की हे बागवान कोण. पुढच्या पत्रातही इथले एक बागवान होते, त्याच्या पुढच्या पत्रातही. बाबांचं लक्ष सफरचंदांवर होतं, आयचं बागवानावर.

दुसऱ्या वर्षी थंडीत बायचं पत्र आलं की तिनं लग्न केलं. नवरा तोच, रतन नावाचा. हिंदू. पहिली बायको वारलेली. दवाखान्याच्या वरच्या अंगाला त्याची बाग. मी हे मोठ्यानं वाचत होतो आणि वाचता वाचता माझा आवाज खाली गेला. बाबांनी पुढे वाच म्हणून सांगितलं नाही. ते उठून बावखलाकडे गेले आणि अंधार पडेपर्यंत तिकडेच पाणी काढत राहिले.

ते रागावले असते, ओरडले असते, तर सोपं झालं असतं. रविवारी मिस्सा सुटल्यावर देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात लोक हळूच विचारायचे. बाबा हो म्हणायचे आणि चालू लागायचे. घरात बायचं नाव निघेनासं झालं. तिची पत्रं आयच्या नावानं येऊ लागली. मी ती आयला स्वयंपाकघरात वाचून दाखवायचो.

आणि मग तो मोसम आला. मला आठवतो तो हाच.

सप्टेंबरात पेटी आली. पाठवणाऱ्याच्या जागी या वेळी रतनचं नाव होतं. मी ती एकटाच जाऊन आणली. बाबांनी बघितली आणि ते वाडीत गेले. आयनं आठवडाभर वाट पाहिली. पेटी पडवीत ठेवलेली लोकांना दिसते म्हणून तिनं ती उचलून केळी पिकवायच्या अंधाऱ्या खोलीत, राजेळीच्या घडांशेजारी सरकवली. राजेळी सुकेळ्यांसाठी होती. पिकली की सोलून, मांडवावर उन्हात वाळवून, केळीच्याच सुकल्या पानांत बांधायची. पाऊस ओसरला की आमच्या घरात तेच काम.

दोन-तीन दिवसांनी बाबा त्या खोलीत गेले आणि बाहेर येऊन आयला विचारू लागले, की या कोपऱ्यातले घड इतक्या लवकर कसे पिवळे झाले. बाकीचे अजून हिरवे होते. पिकवायचा धूर सगळ्यांना सारखाच दिलेला. ते पुन्हा आत गेले. मीही मागोमाग गेलो. ते पेटीसमोर उकिडवे बसले होते. फटीला नाक लावून त्यांनी वास घेतला. मग कोयत्याच्या टोकानं फळी उचकटली.

वरची चार-पाच फळं सडून गेली होती. ती त्यांनी बाजूला काढली. पुढे मात्र ते एकेक फळ कागदातून सोडवून, उलटंसुलटं करून, सुपात मांडत गेले. मला वाटलं, नासकी निवडताहेत. पण ते पेटीच वाचत होते. लवकर खायची, मऊ फळं वर होती, टिकाऊ तळाशी. पिवळी गोल्डन, ज्यांना बोट लागलं तरी डाग पडतो, ती मधल्या थरात, दुप्पट कागदात. आणि एकूणएक देठ बाजूला वळवलेला, शेजारच्या फळाला टोचू नये म्हणून.

बाबा आमच्या बोलीत बोलले. मी ते इथे साध्या मराठीत लिहितो. ते म्हणाले, "ज्यानं ही पेटी भरली त्याला फळ कळतं."

आणि त्या दिवशी त्यांनी बायच्या लग्नानंतर पहिल्यांदा सफरचंद खाल्लं. कापून नाही, तसंच, दातांनी तोडून.

दसऱ्यानंतर कडक ऊन पडलं. मांडवावर सुकेळी पसरली होती आणि बाबा ती हातानं परतत होते. मला वही घेऊन यायला सांगितलं. पत्र घालायचं आहे, बायला. मी खाली बसलो. ते एकेक केळ परतत सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. तब्येत बरी आहे. पाऊस चांगला झाला. पेटी पोचली, तुझी फळं आमच्या राजेळीला पिकवून गेली. हे सांगताना ते थोडे हसले. मग म्हणाले, "नाताळला ये. त्यालाही घेऊन ये. आपल्याच घरात उतरा. मला त्याला झाडाबद्दल विचारायचं आहे."

इथे माझं पेन थांबलं.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. नुकतीच एका कचेरीत नोकरी लागली होती आणि होळी गावातल्या एका भाजीच्या बागायतदाराच्या घरातून माझ्यासाठी बोलणी सुरू झाली होती. मुलीचं नाव तेरेजा. मी तिला दोनदाच पाहिलं होतं, पण माझं मन बसलं होतं. नाताळच्या सुट्टीत ती मंडळी घर बघायला येणार होती. आमच्या ओटीवर तो परका, दुसऱ्या धर्माचा, बिजवर डोंगरी माणूस बसलेला असेल आणि तेरेजाचा बाप समोरून येईल, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. बाबांनी विचारलं, लिहिलंस का. मी म्हणालो, लिहिलं.

मी लिहिलं होतं: नाताळला ये. आपल्याच घरात उतर.

मधलं वाक्य मी गाळलं होतं, आणि शेवटचंही. बाबांनी हात धोतराला पुसले, कागद घेतला आणि तळाशी सावकाश, वळणं गिरवत, स्वतःची सही केली. इनास. वर काय लिहिलंय हे त्यांना लागत नव्हतं. माझ्यावर भरवसा होता.

नोव्हेंबरात उत्तर आलं. तिनं लिहिलं होतं: बाबा, तुम्ही मला एकटीला बोलावलंत. मी आता एकटी नाही. यांना सोडून मी येणार नाही. माझ्या मनात राग नाही, तुमच्याही नसावा. मी पत्र हातात घेऊन पडवीत उभा होतो आणि बाबा समोर बसून वाट बघत होते. मी वाचून दाखवलं, की दवाखान्यात माणसं कमी आहेत, नाताळची रजा मिळत नाही.

बाबा म्हणाले, ठीक आहे, पुढच्या वर्षी. मग थोड्या वेळानं उठून मला वाडीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात घेऊन गेले. तिथे त्यांनी हातभर खोल खड्डा खणला होता. तळाशी पालापाचोळा आणि शेणखत घातलेलं. इथे गार वारा पहिल्यांदा लागतो, ते म्हणाले. सफरचंद इथे होईल का, हे जावयाला विचारायचं होतं. तो होईल म्हणाला असता तर खड्डा तयार असावा.

मी तेव्हा सांगू शकलो असतो. बाबा मला मारणार नव्हते. फार तर एक दिवस बोलले नसते, आणि मग मला नवीन पत्र लिहायला बसवलं असतं. नाताळला अजून महिना होता. त्या कोपऱ्यात मी किती वेळ उभा होतो, ते या वयातही माझ्या पायांना आठवतं. पण खड्डा चांगला खणलाय, असं म्हणालो.

नाताळनंतर होळी गावची मंडळी आली. चहा झाला, सुकेळी झाली. तेरेजाच्या वडिलांनी घर बघितलं, वाडी बघितली, आणि ओटीवर टेकल्यावर बाबांना सरळ विचारलं, की तुमची मुलगी-जावई आले नाहीत सणाला. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. बाबा अजिबात दचकले नाहीत. म्हणाले, "तिला रजा मिळाली नाही. जावई बागवान आहे माझा. सफरचंदांचा." आवाजात जरासा ताठा होता. तेरेजाचे वडील म्हणाले, मग पुढच्या वेळी ओळख करून द्या, आम्हाला फक्त कोबी आणि वांगी कळतात. आणि दोघे हसले.

पुढे कधीतरी तेरेजानं सांगितलं, की स्थळ पाहायच्या आधीच त्यांच्या घरी सगळं ठाऊक होतं. तिच्या वडिलांना त्यात काहीच वाटलं नव्हतं. मी ज्याला भ्यायलो ते मुळात नव्हतंच.

मार्चमध्ये बाबा गेले. सकाळी बावखलावर बसले होते, तिथेच छातीत कळ आली. मी तार केली. बाय चौथ्या दिवशी पोचली. दफन होऊन गेलं होतं. रतन तिच्याबरोबर होता. बाय धावत आत आली, तो मात्र गेटाबाहेर उभा राहिला, हातात दोघांच्या पिशव्या, डोक्यावरची टोपी काढून काखेत धरलेली. त्याला कुणी अडवलं नव्हतं. आपल्याला इथे बोलावलेलं नाही, एवढंच त्याला माहीत होतं. शेवटी आय बाहेर गेली आणि हाताला धरून त्याला आत घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी बाय वाडीत फिरली. तो कोपरा बघून तिनं विचारलं, हा खड्डा कसला. मी म्हणालो, केळीचा.

हे तिसरं खोटं. पहिली दोन मी घाबरून बोललो होतो. तिसरं मला आज समजत नाही. बाबा गेले होते, लग्न ठरलं होतं, कुणालाच कशाचं भय उरलं नव्हतं. तरी तेच तोंडातून निघालं. ती खड्ड्याकडे बघत म्हणाली, बाबांनी यांना एकदा तरी बघायला हवं होतं. मी मान हलवली.

त्यानंतर पेटी दर वर्षी येत राहिली. माझ्या नावानं. मी ती उघडायचो, मुलं फळं खायची, मी उपास आहे, पोट बिघडलंय असं काहीतरी सांगायचो. एका वर्षी तेरेजानं मला समोर बसवलं आणि काय आहे ते सांग म्हणाली. मी सांगितलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, की हे माझ्यापाशी ठेवून काय उपयोग.

मी बायकडे गेलो. तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सिमल्यापासून पुढे बसनं चार तास, मग चढण. डोंगराच्या उतारावर झाडं इतकी लगडलेली की फांद्यांना खालून टेकू दिलेले. रतन अंगणात पेट्या भरत होता. केस पिकले होते. बाय त्याच्यासमोर बसून कागद फाडून देत होती. मी पिशवी खाली ठेवली आणि, बसलो तर पुन्हा जमणार नाही असं वाटलं म्हणून, उभ्याउभ्याच सांगितलं. बायला आमच्या बोलीत, त्याला मोडक्या हिंदीत. सगळं. गाळलेलं वाक्य, उत्तर, खड्डा.

बायच्या हातातला कागद तसाच राहिला. ती उठली आणि आत गेली. दार लावून घेतल्याचा आवाज आला.

रतन एक फळ हातात घेऊन बसून होता. ते पेटीत नीट बसवून त्यानं विचारलं, की त्यांना मला नक्की काय विचारायचं होतं. मी म्हणालो, आमच्याकडे सफरचंद होईल का, हे. त्यानं मला जागेची माहिती विचारली. थंडी किती पडते, समुद्र किती लांब, माती कशी, पाणी किती दिवस साचतं. एखाद्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं, नीट, क्रमानं. मग त्यानं मान हलवली. नाही होणार. या झाडाला हिवाळ्यात झोप लागते, हाडं गोठतील अशा थंडीतली झोप. तुमच्याकडे ते जागंच राहील. पानं येतील, उंच वाढेल, पण फुलणार नाही. एवढं बोलून त्यानं पुढचं फळ कागदात गुंडाळलं.

थोड्या वेळानं म्हणाला, "पण मी त्यांना नाही म्हटलं नसतं. लावून बघू म्हटलं असतं. दर वर्षी बघायला आलो असतो."

मी तिथे तीन दिवस होतो. बाय जेवायला वाढायची, अंथरूण घालायची, पण बोलली नाही. निघताना बसपर्यंत पोचवायला रतन आला. ती आली नाही.

पुढे ती बोलू लागली. आय गेली तेव्हा आली, मुलांच्या लग्नांना आली, फोन करते. त्या गोष्टीवर मात्र आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी माफी मागितलीही नाही. मागायची ज्याच्याकडे, तो माणूस हातचं अक्षर न वाचता सही करून निघून गेला. रतनही आता नाही. बाग त्यांचा मुलगा बघतो. त्यानं नव्या जाती लावल्या आहेत, ठेंगणी झाडं, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच फळ धरणारी. राजेळी आता गावात फारशी कुणी लावत नाही, आणि सुकेळी करायला माणसं मिळत नाहीत. आमच्या उत्तरेच्या कोपऱ्यात भावकीतल्या एकाचं घर उभं आहे.

पेटी अजून येते. लाकडाची नाही, पुठ्ठ्याची, कुरिअरनं. भरतो तिचा मुलगा, पत्ता बाय स्वतःच्या हातानं लिहिते. मी डोंगरातून परतलो त्या वर्षापासून तिच्यावर माझं नाव नसतं, तेरेजाचं असतं. कुरिअरवाला गेटाशी उभा राहून कागद पुढे करतो, सही करा म्हणतो. मी करत नाही. आत वळून तेरेजाला हाक मारतो.